बियाण्याच्या ढोलीतली बॅटरी

आमच्या घरात अक्कल काय ती माझ्याच वाट्याला आली, असं मी धरून चालले होते. गोंदियाजवळच्या कुडव्याच्या घरात खालच्या मजल्यावर धाकटा भाऊ आणि भावजय राहतात, वरच्या दोन खोल्यांत मी एकटी. मी निवृत्त शिक्षिका, विषय विज्ञान. भाऊ दहावीला दोनदा बसला आणि दोन्ही वेळा गणितानं त्याला घरी पाठवलं. मग तो नागऱ्याच्या रस्त्यावरचं आमचं शेत करू लागला, आणि सांगायला लाज वाटते पण चांगलं करू लागला. भावजय नवेगाव बांधची. ती कमी बोलते, आणि कमी बोलणाऱ्या माणसाला काही कळत नसतं अशी माझी समजूत होती. शाळेत तीस वर्षं मी त्याच समजुतीवर काढली, मागच्या बाकावरच्या कित्येक मुली त्या समजुतीत वाया घालवल्या.

आईनं जाताना तिचं धान माझ्या हवाली केलं, भावाच्या नाही. याचा मला केवढा गर्व होता. आम्ही त्याला नुसतं घरचं धान म्हणायचो. बारीक दाणा, काळी कुसळं, वाऱ्यानं लोळणारं, उतारा कमी. राइस मिलवाले ते हातातही घेत नाहीत. पण भात शिजला की शेजारचे काहीतरी मागायच्या निमित्तानं दारात येऊन उभे राहत. कापणीआधी आई बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, एकटी उतरायची आणि एकेक लोंब निवडून कापायची. ती गेल्यावर ते काम मी करू लागले. गावात दुसऱ्या कुणाकडे हे धान उरलं नाही, सगळ्यांनी दुकानातल्या थैल्या आणल्या. म्हणजे त्या एका ढोलीत जेवढं होतं तेवढंच.

ढोली म्हणजे बांबूच्या कमच्यांची उंच कणगी, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेली. आमची ढोली खालच्या मधल्या खोलीत उभी आहे, म्हणजे होती. आईचा नियम एकच: घरातली सगळ्यात कोरडी जागा बियाण्याची. माणसं गळक्या खोलीत निजली तरी चालतील. बियाणं उन्हात वाळवायचं, दाणा दाताखाली धरायचा, कट्ट वाजला तरच ढोलीत ओतायचं, वर कडुनिंबाचा पाला. ओल राहिलेलं धान फुगतं, मग आतून तापतं, मग सडतं. हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भावाला तर पाठच होतं, कारण त्याला दुसरं काही पाठ व्हायचंच नाही.

एकदा भावजयीनं माझ्याकडे यातलं पायलीभर बियाणं मागितलं. तिच्या आईला एका बांधीत लावून पाहायचं होतं. मी म्हटलं, "तुमच्याकडे तळं आहे, मासे आहेत, ते सांभाळा. बियाणं सांभाळणं हे येरागबाळ्याचं काम नाही." ती "बरं ताई" म्हणाली आणि भांडी घासायला गेली. मला वाटलं, विषय संपला.

मग भावानं बॅटरीची गाडी घेतली. सेकंडहँड, कुणाच्या तरी कुणाकडून. मूळची बॅटरी बसली होती म्हणून विकणाऱ्यानंच त्यात दुसरी घालून दिली होती. चपटे सेल एकाला एक लावून निळ्या प्लास्टिकच्या कातड्यात गुंडाळलेले, वर ना कुणाचं नाव ना काही सूचना. मी विचारलं, ही बनवली कुणी? तो म्हणाला, "बनवली असंन कोणी तरी. चालून राहिली ना." आमच्या भागात हे शेवटचं प्रमाण आहे. पूल असो, पुढारी असो, चालून राहिला ना, मग झालं.

मे महिन्यात अवकाळी पाऊस आला. उन्हाळी धान कापून पडलेलं, भाऊ गाडी घेऊन शेताकडे धावला आणि रस्त्यातल्या नाल्याच्या पाण्यातून ती तशीच दामटली. चार-पाच दिवसांनी गाडी बसल्यासारखी चालायला लागली. बॅटरी काढून पाहिली तर निळं कातडं मधोमध फुगलेलं, आणि हात लावला तर कोमट. यावर त्यानं जे निदान केलं ते आठवलं की आजही मला कपाळाला हात लावावासा वाटतो. फुगलं आहे, तापलं आहे, म्हणजे ओल धरली. धानाचं होतं तेच. आणि ओल धरलेल्या धानाला उपाय एकच, ऊन.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे काढायला स्लॅबवर गेले. ताडपत्रीवर उन्हाळी धान पसरलेलं होतं, आणि धानाच्या कडेला, खास जागा करून, ती बॅटरी ठेवलेली. भाऊ डोक्याला दुपट्टा बांधून धानात पाय फिरवत होता, आणि एक फेरी झाली की वाकून बॅटरीही उलटत होता. गोंदियातलं मेमधलं ऊन, स्लॅबवर पाय ठेववत नाही. मी विचारलं, "काय करतोस?"

"वाळवून राहिलो," तो म्हणाला. "दोन ऊन देतो, फुगलेलं बसून जाईन."

मला इतकं हसू आलं की कपडे हातातून पडले. बॅटरीला ऊन देतोय. त्या आठवड्यात मी हा किस्सा शेजारी सांगितला, फोनवर सांगितला, एका लग्नाच्या पंगतीत तर त्याच्या समोरच सांगितला, वाकून उलटण्याच्या नकलेसह. लोक हसले. भाऊही थोडा हसला आणि मग पत्रावळीकडे बघत राहिला.

आता जे सांगते ते नीट सांगते, कारण यात हसण्यासारखं काही नाही. लग्नाहून आल्यावर तिसऱ्या दिवशी तो वर आला. हातात ती बॅटरी, फडक्यात गुंडाळलेली, तान्हं मूल धरावं तशी धरलेली. मी पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते.

"ताई, हे तं अजूनच फुगली. गाडीत नाही लावत आता. पण घरात कुठं ठेवू इले?"

त्यानं प्रश्न बरोबर विचारला होता. इतक्या दिवसांत त्या बॅटरीबद्दल या घरात कुणी विचारलेला तो पहिला शहाणा प्रश्न. मी मान वर केली नाही. म्हटलं, "थंड आणि कोरड्या जागी ठेवावे. प्रत्येक डब्यावर छापलेलं असते. वाचता येते ना तुला?"

"कोरड्या जागी," तो म्हणाला, आणि खाली गेला.

मला माहीत नव्हतं असं नाही. आठवीच्या मुलांना मी सेल शिकवत होते, आणि निवृत्तीनंतर पेपरमध्ये येतं ते सगळं वाचत होते. फुगलेली लिथियमची बॅटरी म्हणजे आतून बिघडलेली बॅटरी, हे मला ठाऊक होतं. तिला पुन्हा चार्जिंग लावायचं नाही, दाबायची नाही, टोचायची नाही, उन्हात ठेवायची नाही. घरातून बाहेर काढायची, तणसापासून म्हणजे भाताच्या पेंढ्यापासून, लाकडापासून, माणसांपासून लांब, रेतीत ठेवायची आणि घेणारा शोधून त्याच्या हवाली करायची. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मला तो अर्ध्या मिनिटाच्या लायकीचा वाटला नाही. कोड्यात पाच अक्षरी नदी अडली होती.

आणि भावानं ती घरातल्या सगळ्यात कोरड्या जागी ठेवली. आईनं शिकवलं होतं तिथं. हात कोपरापर्यंत धानात घालून, मधोमध पुरून ठेवली, म्हणजे उरलीसुरली ओल दाणे ओढून घेतील.

ते दुपारी झालं, जेवणं आटोपल्यावर. भावजयीला आधी वास आला. जळक्या धानाचा वास आम्हाला परका नाही. हा तसा नव्हता, गोडसर होता, नखाला लावायच्या रंगाच्या बाटलीसारखा. ती मधल्या खोलीत गेली तर ढोलीच्या तोंडातून पांढरा धूर निघत होता. तिनं भावाला हाक मारली, त्यानं वरचा पाला बाजूला केला, आणि आत काहीतरी सुस्कारत होतं ते फाटलं. त्याच्या भुवया गेल्या, उजव्या हाताची कातडी गेली. तरी तो हात परत आत घालायला निघाला होता, बियाणं काढायला. भावजयीनं त्याला सदऱ्याच्या मागून धरून ओढलं, फरफटत ओसरीवर आणलं, मेन स्विच पाडला आणि मला वर हाक दिली, "ताई, खाली या, धुरात नका थांबू." हे सगळं त्या कमी बोलणाऱ्या, काही न कळणाऱ्या बाईनं केलं. मी जिन्यात चष्मा शोधत होते.

स्लॅबवरच्या टाकीला पाइप लावून खिडकीतून पाणी मारलं. शेजारचे जमले. त्यातल्या निम्म्यांच्या हातात बादली होती आणि निम्म्यांच्या हातात मोबाइल. लग्नाच्या पंगतीत माझ्या किस्स्यावर सगळ्यात जोरात हसलेला एक जण चित्रण करता करता मला म्हणाला, "मॅडम, जरा साइड में." घराला आग लागली तरी यांना आधी चौकट नीट पाहिजे. ज्वाळा विझली असं वाटलं की परत आतून फुरफुर व्हायचं. भाऊ म्हणाला, "विझली ना, बस करा." मी म्हटलं, "अजून मार." तेवढं एक वाक्य मी त्या दिवशी कामाचं बोलले. अग्निशमनाची गाडी आली तेव्हा भिंत काळी होती, खोलीत घोटाभर पाणी होतं आणि ढोलीच्या जागी काळा चिखल होता.

संध्याकाळी मी तो चिखल चाळला. तळाकडे काही दाणे रंगानं बरे दिसत होते. एक दाताखाली धरला. कट्ट वाजला नाही, पिठासारखा दबला. तरी मी मास्तरीण, प्रयोग केल्याशिवाय ऐकणार कशी. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळले, रोज उघडून पाहिले. आठ दिवस पाहिले. एकालाही मोड आला नाही.

मृग तोंडावर आला होता. पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपांसाठी बी पेरायचे दिवस. आईचं धान त्या बांधीत या वर्षी पडणार नव्हतं, म्हणजे पुढेही कधीच पडणार नव्हतं.

आल्यागेल्या प्रत्येकानं भावाला विचारलं, "काऊन बा, ढोलीत ठेवली बॅटरी? डोक्यावर पडला का?" पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून तो प्रत्येकाला एकच सांगायचा, "माझीच अक्कल मारली गेली." मी बाजूला बसून ऐकायची. पहिल्या दिवशी मीही दोन शब्द सुनावले, नाही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात भावजय कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "ताई, तुमीच तं म्हणल्या होत्या, कोरड्या जागी ठेव. ते कोणाले सांगू नको, असं हे म्हणतेत मले."

ती मळत राहिली. मी वर गेले आणि दार लावून घेतलं. माझा भाऊ, दोनदा नापास झालेला, चारचौघांत माझ्यावरचं स्वतःवर ओढून घेत होता, आणि मी ते त्याला घेऊ देत होते. मला स्वतःची शिसारी आली. एवढी शिसारी मला आजवर दुसऱ्यांचीच यायची.

त्या रागात मी घरातल्या सगळ्या बॅटऱ्या शोधायला निघाले. खाली दोन निघाल्या, एका जुन्या मोबाइलची आणि एका टॉर्चची. वर माझ्या कपाटात नऊ. जुने फोन, दोन पॉवर बँक, शाळेतून मिळालेला टॅब, ज्याची पाठ फुगून काच उचकटली होती. तो मी लोकरीच्या शालीत गुंडाळून ठेवला होता, निवृत्तीच्या शालीत. त्या कपाटाला लागून माझी खाट आहे. म्हणजे भावानं निदान मरायला बियाणं पुढे केलं होतं, मी स्वतःलाच.

सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावली. एक फुटका माठ घेतला, तळाशी कोरडी रेती, मग एकेक वेगळी ठेवून मध्ये रेती, वरून रेती. टॅब उघडायच्या भानगडीत पडले नाही, तसाच दुसऱ्या माठात रेतीत निजवला. दोन्ही माठ परसात, तणसाच्या ढिगापासून लांब, जुन्या पत्र्याच्या सावलीत. मग घेणारा शोधायला निघाले आणि आपल्या लोकांचं शहाणपण मला घाऊक भावात पाहायला मिळालं. कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसानं विचारलं, "ओला का सुका?" मी म्हटलं, बॅटरी आहे. तो म्हणाला, "मग सुकाच ना." इथंही कोरडी जागा. मोबाइलच्या दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "अरे मॅडम, फेक दो ना कहीं, इतना क्या सोचना." भंगारवाला मात्र आनंदानं घ्यायला तयार झाला. हातोडी मारून फोडतो आणि आतलं काढतो, असं त्यानं मला अभिमानानं सांगितलं. मागे त्याची पोरं रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून जेवत होती. त्याला मी अर्धा तास समजावलं. हो, अर्धा तास. लोक शिकतात, पण घर जळाल्यावर.

शेवटी दोन्ही माठ घेऊन बॅटरीच्या गाड्या विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात गेले. जुन्या बॅटऱ्या परत घेणं तुमचं काम आहे, म्हटलं. काउंटरवरच्या माणसानं आधी मॅनेजर नाही सांगितलं, मग जेवायची वेळ सांगितली. मी गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसून येणाऱ्या प्रत्येकाला आमच्या ढोलीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या गिऱ्हाइकाला त्यानं माठ आत घेतले आणि पावती दिली. या वेळी मी वाकून उलटायची नक्कल केली नाही. कोरड्या जागी ठेवायला कुणी सांगितलं, तेही सांगितलं.

पावती आणून मी भावाच्या पुढ्यात ठेवली आणि त्याला सगळं सांगितलं, काय करायचं, काय नाही, का नाही. त्यानं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे हे धानासारखं नाही तं."

"नाही," मी म्हटलं. "धानासारखं नाही. पण तुला तसं वाटणं चूक नव्हतं. मी सांगायला हवं होतं."

"बियाणं गेलं ना पण," तो म्हणाला.

तेव्हा चुलीपाशी बसलेली भावजय म्हणाली, "थोडसंक हाये."

आम्ही दोघं तिच्याकडे वळलो. मी तेव्हा नाही म्हटल्यावर तिनं पदरात दोन ओंजळी बांधून माहेरी नेल्या होत्या. ढोलीतून चोरून, माझ्या नाकाखालून. तिची आई तीन वर्षं ते एका बांधीत लावत होती. सांगताना तिनं मान खाली घातली नाही. मला रागवायला फार चांगलं कारण मिळालं होतं आणि ते काही कामाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही एसटीनं नवेगाव बांधला गेलो. भावजयीची आई माझ्याच वयाची, गुडघे गेलेली, आवाज खणखणीत. तिनं आम्हाला चहा दिला आणि जे झालं ते पहिल्यापासून ऐकून घेतलं, लेकीकडून नाही, माझ्याकडून. मी काही गाळलं नाही. मग तिनं कोपऱ्यातली लहान ढोली उघडली. तळहातावर दाणे घेतले, काळी कुसळं, तोच वास. एक माझ्या हातात दिला. मी दाताखाली धरला. कट्ट वाजला, आणि माझे डोळे भरून आले.

तिनं पायलीभर मापलं. जेवढं मी तिला नाकारलं होतं तेवढंच, बरोबर. थैलीत ओतता ओतता हात थांबवून म्हणाली, "मास्तरीनबाई, न्या. पण अगोदर सांगा, कुठं ठेवसान?"

भाऊ दुसरीकडे बघू लागला. मी सांगितलं, पत्र्याच्या पेटीत, वरच्या खोलीत, आणि त्या खोलीत वायर नाही, चार्जर नाही, काही नाही. तिनं परीक्षा घेतल्यासारखी मान हलवली आणि पुढे ओतलं. मला तेवढ्यानं पुरेना. मी म्हटलं, "एक मागू का? दरवर्षी थोडं तुमच्याकडेही राहू द्या हे धान. आमच्याकडे पुन्हा काही झालं तर."

"राहू द्या काय," ती म्हणाली. "ते राहणारच हाये. आता आमचंच हाये ते."

भावजयीनं थैलीचं तोंड बांधलं आणि ती माझ्याकडे न देता नवऱ्याच्या चांगल्या हातात दिली.